माळावरची वर्तुळवाट कशी आखावी: गोकाक-सौंदत्तीकडच्या उघड्या डोंगरांसाठी

प्रश्न असा आहे: बेळगावातले चार-पाच जण, रोज चालायची सवय असलेले पण डोंगरात फारसे न गेलेले. डिसेंबर-जानेवारीत एका दिवसात बारा-पंधरा किलोमीटर चालून निघालो तिथेच परत यायचं आहे. पूर्वेकडचा उघडा, डोंगराळ माळ हवा, खानापूरचं जंगल नको. वाट कशी आखायची, वेळ किती धरायचा, बरोबर काय न्यायचं?

सह्याद्रीतल्या जंगलवाटांचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. जंगलात माणूस वाट चुकतो. माळावर गाव, रस्ता, पवनचक्की सगळं लांबून दिसत असतं, त्यामुळे वाट सहसा चुकत नाही. चुकतो तो हिशोब: पाण्याचा, उन्हाचा आणि खाली उतरायच्या जागेचा. बहुतेक फजित्या दुपारी बारानंतर होतात, म्हणजे फेरीच्या दुसऱ्या निम्म्यात. म्हणून आखणी शेवटाकडून करायची. आधी परतीचे चार किलोमीटर ठरवा, मग उतरायची जागा, मग धार (डोंगरमाथ्याची लांबट कड), आणि चढ सगळ्यात शेवटी. नकाशात दिसलेलं सर्वांत उंच टोक धरून त्याभोवती वाट गुंडाळली, की परतीला जे उरेल ते घ्यावं लागतं. बहुधा ते नांगरलेलं शेत किंवा कालवा असतो.

आधी जमीन कोणती ते ओळखा

बेळगाव शहर आणि पश्चिमेकडचा भाग काळ्या कातळाचा, वर जांभ्याची टोपी. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग या बाजूला वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइट लागतो. भूशास्त्रात याला कलादगी समूह म्हणतात. घटप्रभा नदी गोकाकला ५२ मीटर कोसळते ती याच खडकावरून. हा फरक पायाला लगेच कळतो. काळ्या कातळाचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, एक टप्पा चुकला तरी बाजूने वाट निघते. वालुकाश्माचा डोंगर माथ्यावर सपाट, कडेला एकदम तुटलेला आणि पायथ्याशी मोठ्या धोंड्यांचा. माथ्यावरून चालताना वाटतं की कुठूनही उतरता येईल. कडेला गेल्यावर दहा-पंधरा मीटरची सरळ भिंत दिसते. अशा डोंगरावर उतरायच्या जागा मोजक्याच असतात: ओढ्याने पाडलेली घळ, किंवा जिथून म्हशी आणि लाकूडफाट्याची माणसं ये-जा करतात ती वाट.

आता नकाशाची अडचण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि दोन कंटूर रेषांमध्ये (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये) २० मीटर उंचीचा फरक. म्हणजे पंधरा मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये सहज दडून बसतो आणि नकाशावर साधा उतार दिसतो. मोबाइलच्या अॅपमधल्या कंटूर रेषा याहून भोळ्या. त्या बहुतेक उपग्रहाच्या ३० मीटर जाळीच्या उंचीवरून काढलेल्या असतात, त्यामुळे कड्याची धार गुळगुळीत होऊन जाते. नियम सोपा ठेवा: चढ अनोळखी चालेल, उतार अनोळखी नको. चढताना कडा आडवा आला तर समोर दिसतो आणि मागे फिरता येतं. उतरताना तो पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि तोवर गुडघे दमलेले असतात.

कंटूरवरून चढाचा अंदाज असा घ्या. दोन रेषांमध्ये कागदावर २ मिलिमीटर अंतर असेल तर उतार साधारण ११ अंशांचा, गप्पा मारत चढता येतो. १ मिलिमीटर असेल तर २२ अंश, दम लागतो, सुट्या मुरमावर उतरताना घसरतं. अर्ध्या मिलिमीटरहून जवळ आल्या तर ती जागा सोडा. तुमच्यासारख्या गटाचं ते काम नाही. आणखी एक: या नकाशांच्या जुन्या क्रमांकाप्रमाणे बेळगाव ४८ आय, सौंदत्ती ४८ एम आणि गोकाक ४७ एल अशा वेगवेगळ्या पट्ट्यांत येतं, कारण १६ अंश अक्षांशाची रेषा बेळगाव आणि गोकाकच्या मधून जाते, ७५ अंश रेखांशाची बेळगाव आणि सौंदत्तीच्या मधून. एकाच कागदावर सगळं मिळेल या भरवशावर राहू नका.

मॅपवर गावं शोधताना कन्नड शेपट्या ओळखता आल्या तर चूक टळते. ‘हळ्ळी’ म्हणजे गाव, पण ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा. ‘गुड्ड’ डोंगर, ‘केरे’ तलाव, ‘बावी’ विहीर. हळ्ळ आणि हळ्ळी यांच्यात घोळ करून ओढ्याच्या जागी चहाची टपरी शोधणारे असतात.

फेरीचा आकार

मध्यम फेरी म्हणजे १२ ते १४ किलोमीटर आणि एकूण चढ ३५० ते ५०० मीटर. पहिल्यांदा १३ किलोमीटर आणि ४२० मीटर धरा. अॅप एकूण चढ सांगतं तो आकडा बहुधा फुगलेला असतो, कारण ते प्रत्येक बारीक चढउतार बेरजेत धरतं. कंटूर रेषा हाताने मोजून पडताळा. मोबाइलने दाखवलेल्या उंचीवरही फार जाऊ नका. काही अॅप उपग्रहाची कच्ची उंची दाखवतात आणि आपल्या भागात ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा पन्नास मीटरहून जास्त कमी भरते. नकाशावर ८२० आणि हातात ७५० दिसलं म्हणजे तुम्ही चुकीच्या टेकडीवर आहात असं नाही.

सुरुवात-शेवटाची जागा निवडताना तीन गोष्टी पाहा: गाडी सावलीत आणि कुणाच्या नजरेखाली ठेवता येते का, पाणी आहे का, आणि परत येताना तिथपर्यंतचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर बैलगाडीच्या वाटेचे आहेत का. देवळाचं आवार, शाळेची बाजू, किराणा दुकानासमोरची जागा या तिन्हींत बसतात. सुटीच्या दिवशी शाळा बंद असते, तेव्हा पाण्याची खात्री आधी करा.

दिशा उन्हावर ठरते. सकाळी डोंगराची पश्चिम बाजू सावलीत असते, दुपारनंतर पूर्व बाजू. म्हणजे पश्चिमेच्या पायथ्यापासून सुरुवात, त्याच सावलीत चढ, माथ्यावरून पूर्वेकडे, पूर्वेच्या वाटेने उतार आणि पायथ्याने वळसा घालून परत. वळसा उत्तरेच्या बाजूने घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, डिसेंबरात दुपारी बारालाही तो ५१-५२ अंशांच्या फारसा वर जात नाही, त्यामुळे उत्तरेच्या उतारावर ऊन तिरपं पडतं आणि गवतही उशिरा वाळतं. गोकाक-सौंदत्तीकडच्या रांगा बऱ्याच ठिकाणी पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत, त्यामुळे हा दक्षिण-उत्तर फरक चांगला जाणवतो. दक्षिण बाजूच्या उघड्या कातळावर दुपारी एक वाजता डिसेंबरातही टोपी काढवत नाही.

आता महत्त्वाचं. अनोळखी भाग पहिल्या निम्म्यात बसवा, ओळखीचा दुसऱ्या निम्म्यात. फेरी निम्म्याहून पुढे गेली की प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो: मागे जाण्यापेक्षा पुढे जवळ. अंतराच्या हिशोबाने तो बरोबरही असतो. पण पुढे न पाहिलेला उतार किंवा न पाहिलेली घळ असेल तर हाच विचार गोत्यात आणतो. म्हणून उतरायची वाट आधी एकदा खालून निम्म्यापर्यंत चढून पाहून यावी. आदल्या आठवड्यात दोघांनी दोन तास काढले तरी पुरतात.

शिवाय आडवाटा हव्यात. फेरीच्या एक तृतीयांशावर एक आणि दोन तृतीयांशावर एक, अशा दोन जागा ठरवा की जिथून तासाभरात डांबरी रस्ता गाठता येतो. खिंड, पवनचक्क्यांसाठी केलेला मुरमाचा रस्ता, देवळाकडे जाणारी वाट, काहीही चालेल. सौंदत्तीच्या बाजूला पवनचक्क्यांचे रस्ते धारेवरून जातात. चालायला कंटाळवाणे, पण पाय मुरगळलेल्या माणसाला खाली आणायला त्यासारखी सोय नाही. प्रत्येक आडवाटेला घड्याळाची वेळ बांधा. ‘साडेदहापर्यंत खिंडीत पोचलो नाही तर खिंडीतूनच खाली’ हे घरी बसून कागदावर लिहायचं. माथ्यावर उभं राहून हा निर्णय कुणी घेत नाही.

कालव्यांकडे लक्ष द्या. मलप्रभा आणि घटप्रभा या दोन्ही प्रकल्पांचे कालवे पायथ्यापायथ्याने जातात, आणि भरलेला कालवा म्हणजे भिंतच. वाट कालव्याला छेदत असेल तर ती पुलावरच छेदली पाहिजे. अस्तर केलेल्या तिरक्या बाजूवर शेवाळ असतं. आत घसरलेल्या माणसाला हाताने धरायला काही मिळत नाही. मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ जलाशयाच्या कडेची वाट आखत असाल तर नकाशातली पाण्याची रेषा खरी मानू नका. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं, उन्हाळ्याकडे ते बरंच मागे हटतं आणि मध्ये उरतो तो वरून वाळलेला, आतून ओला गाळ. त्यावरून शॉर्टकट नको.

वेळेचा हिशोब

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश डोंगरवाल्याने १८९२ मध्ये दिलेला नियम अजून चालतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आपल्या गटासाठी पाचाऐवजी चार किलोमीटर धरा. १३ किलोमीटरला सव्वातीन तास. ४२० मीटर चढाला ४२ मिनिटं. झाले जवळजवळ चार तास. यातले चार किलोमीटर वाट नसलेल्या गवतातून किंवा धोंड्यांतून असतील तर तिथे वेग तीनवर येतो, म्हणून वीस मिनिटं वाढवा. दर तासाला दहा मिनिटं थांबा धरला तर चाळीस मिनिटं. इथपर्यंत पाच तास. जेवणाचे पाऊण तास. वर अडीअडचणीसाठी एक तास राखीव. पावणेसात तास झाले.

डिसेंबरच्या मध्यावर बेळगाव भागात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो आणि सहानंतर थोड्याच वेळात मावळतो. पावणेसातला पाऊल टाकलंत तर राखीव तास धरून दीडला परत. ‘दिवस तर सहापर्यंत आहे, नऊला निघू’ म्हटलं तर तोच हिशोब पावणेचारवर जातो, आणि एक अडचण आली की अंधार. अंधारात माळ नव्हे, माळाच्या खालची शेतं धोक्याची: कठडा नसलेल्या विहिरी गवतात लपलेल्या असतात, आणि रानडुकरांसाठी बांधाला वीज सोडलेली तार कुठे कुठे लावलेली असते. ती तार बेकायदा आहे, पण ती तिथे असते.

बेळगावहून सौंदत्ती किंवा गोकाक गाठायला दीड ते दोन तास धरा. पहाटे साडेचारला गाडी हाकून परत संध्याकाळी तोच माणूस चालवणार असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला जाणं शहाणपणाचं. ऊस गाळपाचा हंगाम असतो. पहाटे आणि संध्याकाळी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात. फेरीतला डांबरी रस्त्याचा तुकडाही यासाठीच एका किलोमीटरहून मोठा ठेवू नका, आणि तिथे एकामागे एक, समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून चाला.

तारीख ठरवताना पंचांग उघडा. मार्गशीर्ष, पौष आणि माघ पौर्णिमेच्या आसपास सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा भरते. कोल्हापूर-सांगलीपासूनच्या बैलगाड्या, ट्रक, एसट्या एकाच रस्त्याला लागतात. दर्शनाला जायचं तर तेव्हाच जा. माळ फिरायला दुसरा आठवडा निवडा.

पाणी

माळावर पाणी आहे असं समजून निघायचं नाही. पूर्वेकडे पाऊसच कमी. खानापूरच्या पश्चिम टोकाला धो-धो कोसळतो आणि शंभरेक किलोमीटरवर सौंदत्तीला त्याच्या थोड्याशा हिश्शाइतका. नकाशावर निळी रेघ असलेला ओढा डिसेंबरात कोरडा ठणठणीत असतो, क्वचित डबकं. हिवाळ्यात दर माणशी तासाला अर्धा लिटर, म्हणजे सहा तासांना तीन, वर अर्धा राखीव. साडेतीन लिटर प्रत्येकाच्या पाठीवर, आणि गाडीत वेगळा पाच लिटरचा कॅन. फेब्रुवारीच्या मध्यानंतर तासाला पाऊण ते एक लिटर लागतं; तेव्हा ही फेरीच आठ किलोमीटरवर आणून अकराच्या आत संपवावी. एकाने सगळ्यांचं पाणी वाहायचं आणि तोच मागे राहायचा, ही व्यवस्था कधीच नको.

नुसतं पाणी पीत राहिलं तरी डोकं जड होतं, मळमळतं, पायात गोळे येतात, कारण घामातून मीठ गेलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या लिटरमध्ये ओआरएस मिसळा. मोठी पुडी एका लिटरसाठी असते, छोटी २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी अर्ध्या बाटलीत ओतून ‘स्ट्राँग’ करायची नाही, त्याने तहान आणि जुलाब दोन्ही वाढतात. पुडी नसेल तर एका लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

शेततळ्याचं किंवा कालव्याचं पाणी क्लोरीनच्या गोळीने जंतुमुक्त होतं, पण ऊस-कापसावर मारलेलं औषध त्यातून जात नाही, उकळूनही नाही. प्यायचं पाणी मागायचं तर वस्तीवर. बोअर चालू असेल तर कुणी नाही म्हणत नाही.

काय घालायचं, काय खायचं

बूट नवे नकोत, किमान तीसेक किलोमीटर चाललेले हवेत. माळाची खरी घसरण चिखलाची नसते. कडक कातळावर सांडलेल्या बारीक खडीची असते. उतरताना टाच रुतवायला गेलात की ती खडी चाकासारखी फिरते. पूर्ण तळवा टेकवायचा, पावलं लहान, गुडघे थोडे वाकलेले, वजन पुढच्या पायावर. दोन काठ्या असल्या तर उत्तम, एक असली तरी चालेल.

ऑक्टोबर ते डिसेंबर गवताची कुसळं हा इथला मोठा जाच. विणलेल्या लोकरी-सुती मोज्यांत ती घुसतात, चालताना आत सरकत जातात आणि घोट्याला जखमा करतात. मोज्यावरून गुळगुळीत नायलॉनची पट्टी किंवा गेटर (बुटावरून पोटरी झाकणारं आवरण) बांधा, पँटही घट्ट विणीची, गुळगुळीत कापडाची. गवतकापणी झाल्यावर, म्हणजे साधारण डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, हा त्रास निम्म्याने कमी होतो. फिरायला हाच काळ सर्वांत चांगला. वर पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, मानेपर्यंत झाकणारी टोपी किंवा डोक्याला पंचा. पहाटे वारा पूर्वेकडून कोरडा येतो आणि धारेवर चांगलाच झोंबतो, म्हणून एक पातळ वाराबंद जाकीट. आठ वाजता ते पिशवीत जातंच.

अवकाळी पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबा. माथ्यावरचा मुरूम काही तासांत सुकतो, पण पायथ्याच्या काळ्या रानात प्रत्येक बुटाला किलोभर चिखल चिकटतो आणि शेवटच्या तीन किलोमीटरला दीड तास लागतो.

जेवणाला दशमी किंवा कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, सोबत लोणचं. भात, रस्सा, दही घरी. वाटेत खायला गोकाकचं करदंट फार सोयीचं: डिंक, गूळ, सुकामेवा, उन्हात पाघळत नाही, थोडक्यात ताकद. दर माणशी शंभर-दीडशे ग्रॅम पुरे, दर तासाला एक तुकडा. बेळगावचा कुंदा मात्र परत आल्यावर खावा. उन्हात त्याची तहान भागवायला आणखी लिटरभर पाणी जाईल.

धोके, त्यांच्या खऱ्या क्रमाने

लोक सापाला घाबरतात. माळावर रोज भेटणारा धोका मेंढ्यांच्या कळपाबरोबरची कुत्री हा आहे. कळप दिसला की शंभर पावलांवर थांबा, मेंढक्याला मोठ्याने हाक मारा. ‘मामा’ म्हटलं तरी कळतं, कन्नड असेल तर ‘अण्णा, नायि हिडीरी’. त्याने कुत्री बोलावली की कळपाला वळसा घालून वरच्या बाजूने जा. कळपातून चालू नका, पळू नका, कुत्र्याकडे पाठ करू नका, उगाच दगड उचलू नका. अंगावर आलंच तर काठी आडवी धरून हळूहळू मागे सरकायचं. कुत्रा चावला, नुसतं खरचटलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची.

त्यानंतर आग्या मोहोळ. गोकाकसारख्या कड्यांच्या कपारीत मोठी पोळी लोंबत असतात. कड्याखाली धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, ड्रोन यातलं काही नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून सरळ रेषेत लांब पळायचं. झटकत उभं राहिलं की आणखी येतात.

साप: फुरसं, घोणस, नाग, मण्यार चारही या भागात आहेत. उन्हाने तापलेल्या दगडाखाली हात घालायचा नाही, बसण्याआधी दगड काठीने ठोकायचा, गवतात पाऊल टाकताना आधी काठी, मग पाय. चावल्यास चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, काठीने बांधून स्थिर करायचा. अंगठ्या-कडी काढायची, वेळ लिहायची. चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. माणसाला चालवू नका, उचलून आणा. आडवाट जवळ हवी ती यासाठीही. रुग्णवाहिकेला १०८, एरवी ११२. प्रतिसर्पविष कोणत्या तालुका रुग्णालयात आहे हे आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं असावं.

मार्च ते मे वळवाचा पाऊस आणि वीज. हे ढग बहुधा दुपारनंतर चढतात, आणि उघड्या धारेवर तुम्हीच सर्वांत उंच असता. वीज चमकून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागा, म्हणजे किलोमीटर मिळतात. दहा किलोमीटरच्या आत आलं की धार सोडा, एकट्या झाडाखाली थांबू नका, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर चढू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप मोबाइलमध्ये ठेवा, पण रेंज नसेल तर डोळे आणि कान.

वणवा फेब्रुवारीनंतर. वाळल्या गवतात आग चढाकडे वेगाने धावते, म्हणून वर पळायचं नाही. बाजूला, उघड्या कातळावर किंवा आधीच जळून गेलेल्या पट्ट्यात जायचं. चूल, शेगडी, विडी-सिगारेट काहीच नको. त्या गवतावर कुणाची तरी जनावरं वर्षभर जगतात.

आणि दगडखाणी. नकाशात त्या नसतात, असल्या तरी दोन वर्षांत दुप्पट झालेल्या असतात. सुरुंग लावण्याआधी लाल निशाण, शिट्टी किंवा भोंगा होतो. तो ऐकू आला की पुढे जाऊन काय ते पाहायचं नाही, तिथेच आडोशाला थांबून मजुरांना विचारायचं.

परवानगी आणि विचारपूस

राखीव वनात शिरणार असाल तर कर्नाटक वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारा. गायरान आणि पडीक माळावर सहसा अडवत नाहीत. बेळगाव शहराच्या आसपास लष्कराच्या सरावाच्या जागा आहेत; तारेचं कुंपण, पाटी किंवा लाल निशाण दिसलं की तो भाग नकाशातून कायमचा वगळा. शाळूच्या उभ्या पिकातून वाट काढू नका, बांधाने जा.

गावात विचारायची पद्धत ठरलेली ठेवा. ‘पलीकडं वाट हाय काय?’ याला उत्तर नेहमी ‘हाय की!’ असंच येतं, आणि ते खोटंही नसतं. सांगणाऱ्याच्या पायाला ती वाटच असते. त्याऐवजी विचारा: म्हशी कुठनं उतरतात? बायका लाकडं घेऊन कुठनं येतात? डोक्यावर मोळी घेऊन उतरता येतं ती वाट तुम्हाला झेपेल. पाण्याचं विचारताना ‘आत्ता आहे का’ विचारा, नुसतं ‘आहे का’ नको. अंतर वेळेत विचारा आणि आलेल्या उत्तराला दीडने गुणा.

पहिली फेरी कुठे

सराव म्हणून आधी येळ्ळूरचा राजहंसगड. शहराजवळ, वर रस्ता, खाली शेतं, कुठेही फसायला होत नाही. तिथे तासाला खरोखर किती किलोमीटर होतात ते मोजा आणि वरच्या हिशोबात तोच आकडा घाला. दुसरी पायरी संकेश्वरजवळचा वल्लभगड आणि त्याच्या आजूबाजूची टेकाडं. महामार्ग जवळ, त्यामुळे आडवाटा सोप्या. त्यानंतर सौंदत्ती-पारसगडाचं पठार. तिथे माथा मोठा, सावली नाही, कडा सरळ. वर सांगितलेला प्रत्येक नियम लागू पडतो. गोकाक आणि गोडचिनमलकीकडच्या घळी मी शेवटी ठेवेन, कारण तिथे कपाऱ्या, मोहोळं आणि निसरडे खडक एकाच ठिकाणी येतात.

मोबाइलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, वाटेची जीपीएक्स फाइल (अॅपमध्ये उघडणारी वाटेची नोंद) किमान दोघांकडे, आणि एक कागदी प्रत. होकायंत्राला आपल्याकडे दुरुस्तीची गरज जवळजवळ नाही. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक दीड अंशाच्या आत आहे. अक्षांश-रेखांश पाठवताना मात्र पद्धत एकच ठेवा. १५ अंश ५० मिनिटं आणि १५.५० अंश या दोन जागांत ३७ किलोमीटरचं अंतर आहे, आणि मदतीला येणारी गाडी नेमकी तिथे जाऊन उभी राहते.

घरी एका माणसाकडे चार ओळी लिहून द्या: कुठून सुरुवात, कोणत्या बाजूने फेरी, आडवाटा कोणत्या, आणि ‘चार वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं’. परत आल्यावर पहिला फोन त्या माणसाला करा, मग बूट काढा. आणि मोजे धुवायला टाकण्याआधी उलटे करून कुसळं वेचा, नाहीतर ती सगळ्या घराच्या कपड्यांत जातील.